एका चालीचे पाठभेद

दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे म्हण आहे. भाषेप्रमाणें गाण्याबजावण्याची चालहि बदलते, हें मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. छापील पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या मनाला असें वाटत असतें कीं, प्रत्येक गोष्टीचें एक खरें रूप असावें, आणि त्याहून निराळें जें जें आढळेल तें तें बिघडलेलें समजावें. ग्रंथाच्या बाबतींत ही समजूत पुष्कळ अंशीं उपयोगी पडते. कारण तेथें लिहिणारा कोणी एक असतो, व त्यानें मुळांत काय लिहिलें होतें हा प्रश्न विचारतां येतो. परंतु जी वस्तु मुळीं लिहिलीच गेली नाहीं, जी एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या कानांत व त्याच्या कानांतून पुन्हां तिसऱ्याच्या हातांत अशी पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिचें मूळ कोणतें आणि पाठभेद कोणता हें कोणीं व कसें ठरवावें? या प्रश्नाचा विचार करण्यास कॅनडा देशांतील एका फिडलच्या चालीचें उदाहरण फार उद्बोधक आहे.

फिडल हें निराळें वाद्य नव्हे. सभागृहांत लेखी संगीत वाजविणारा ज्यास व्हायोलिन म्हणतो, त्यासच शेतकऱ्याच्या घरीं किंवा लग्नाच्या मेजवानींत नाचासाठीं वाजविणारा फिडल म्हणतो. वाद्य एकच, मात्र तें धरण्याची, जुळविण्याची व शिकण्याची रीत निराळी. आपण जिचा विचार करणार आहों त्या चालीचें फ्रेंच नांव 'ला ग्रांद झिग सँप्ल' असें आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मोठी साधी जिग'. सेंट लॉरेन्स नदीच्या कांठच्या क्वेबेक प्रांतांत ती या नांवानें ओळखली जाते. माँट्रिअल शहरापासून पश्चिमेस सरळ रेषेंत सुमारें १८०० किलोमीटर दूर, जेथें आज विनिपेग शहर वसलें आहे त्या रेड नदीच्या खोऱ्यांत, तिचेंच एक रूप 'रेड रिव्हर जिग' या नांवानें प्रसिद्ध आहे. या दोन टोकांच्या मध्यें व त्यांच्याहि पलीकडे तिचीं किती रूपें असतील याची गणती करणें कठीण. कारण तेथील जुने वादक स्वतःच सांगत कीं, ज्याची त्याची चाल निराळी.

प्रथम क्वेबेककडे पाहूं. सॅम्युएल द शांप्लँ यानें १६०८ सालीं क्वेबेक शहराची स्थापना केली, व पुढें दीडशें वर्षें तो मुलूख फ्रान्सच्या ताब्यांत होता. १७६३ सालच्या पॅरिसच्या तहानें तो इंग्रजांकडे गेला. त्यानंतर स्कॉटलंडांतील सैनिक व व्यापारी तेथें स्थायिक झाले. १८४७ सालीं आयर्लंडांतील दुष्काळानें गांजलेल्या लोकांचीं जहाजेंच्या जहाजें सेंट लॉरेन्सच्या मुखाशीं येऊन लागलीं. हीं माणसें आपल्याबरोबर आपले नाच व आपल्या चाली घेऊन आलीं. शेजारीं राहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यानें त्या ऐकल्या, उचलल्या आणि आपल्या हातवळणाप्रमाणें वाजविल्या. त्यामुळें क्वेबेकच्या फिडलवादनांत फ्रेंच भाग कोणता, स्कॉटिश कोणता आणि आयरिश कोणता हें निवडून काढणें म्हणजे दुधांत विरघळलेली साखर पुन्हां वेगळी काढण्यासारखें आहे. आपण ज्यास मूळ म्हणूं इच्छितों तें रूपच असें अनेक प्रवाहांच्या संगमावर उभें आहे.

नांवाचीहि गंमत आहे. इंग्लंड-आयर्लंडांत 'जिग' म्हटली कीं ती सहा लघु मात्रांच्या झुलत्या लयीची असावयाची. परंतु क्वेबेकमध्यें 'झिग' हा शब्द मुख्यतः नृत्याचें नांव झाला. नर्तक एका जागीं उभा राहून टाचा व चवडे यांच्या आघातांनीं लाकडी जमिनीवर ताल धरतो, त्या नृत्यास तेथें झिग म्हणतात. म्हणून आपली ही चाल नांवानें जिग असली तरी दोन-दोनच्या सरळ लयींत चालते. नांव एका देशाचें, लय दुसऱ्याची, पाय तिसऱ्याचे, अशी तिची घडण आहे. तरीहि तिला 'साधी' म्हणतात!

आतां हे पाठभेद कां उत्पन्न होतात याचीं कारणें क्रमानें पाहूं. पहिलें कारण वाद्याच्या जुळणींत आहे. व्हायोलिनच्या चार तारा सामान्यतः एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर जुळविलेल्या असतात. या चालीसाठीं जुने वादक सर्वांत खालची तार एक स्वर वर चढवीत, आणि पुष्कळ जण तिच्या शेजारची तारहि तितकीच चढवीत. असें केल्यानें काय घडतें तें पाहा. खालच्या दोन तारा वरच्या दोन तारांच्या बरोबर एक सप्तक खालीं येतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर वाद्य सा-प-सा-प असें जुळतें. दक्षिण भारतांतील कर्नाटक संगीताचे वादक व्हायोलिन अशाच रीतीनें जुळवितात, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. या जुळणीचे दोन परिणाम होतात. एक तर, न दाबलेल्या तारेवर गज सहज घासून आधारस्वर सतत निनादत राहतो, व एकटें वाद्य दोन वाद्यांसारखें भरून वाजतें. दुसरें असें कीं, जी बोटें वरच्या जोडीवर एक वाक्य वाजवितात, तींच बोटें खालच्या जोडीवर ठेवली म्हणजे तेंच वाक्य खर्जांत उमटतें. या चालीचे जे दोन भाग, एक उंच व एक खालचा, सर्वत्र आढळतात, त्यांस ही जुळणी अतिशय सोयीची आहे. परंतु ज्या गांवीं एकच तार चढविण्याची रीत पडली, तेथें खालच्या भागाचे स्वर थोडे बदलले. आणि जेथें नेहमींचीच जुळणी ठेवली, तेथें तो भाग आणखी निराळा झाला. येथें चुकलें कोणाचेंच नाहीं. तारेनें वाट दाखविली त्या वाटेनें बोटें गेलीं.

दुसरें कारण वादकाच्या पायांत आहे. क्वेबेकचा फिडलवादक खुर्चीवर बसून वाजवितो व वाजवितांना दोन्ही पायांनीं जमिनीवर ताल देतो; टाच आणि चवडा यांच्या आघातांनीं 'टक् टका, टक् टका' असा बोल अखंड चालू असतो. जवळ ढोल नाहीं, साथीला कोणी नाहीं, अशा थंडीच्या रात्रीं स्वयंपाकघरांत नाच रंगविण्याचें सारें काम एकट्या वादकावर पडे. त्याच्या पायांचा जोर जेथें पडे तेथें गजाचा झटका पडे, आणि गजाचा झटका बदलला कीं चालीचा तोंडवळाहि बदले. कधीं घरांत फिडलच नसे. तेव्हां निरर्थक अक्षरें वेगानें उच्चारून तोंडानेंच चाल म्हणण्याचा परिपाठ होता. त्यास 'तुर्लुत' म्हणतात. 'ला बोल्द्युक' या नांवानें गाजलेल्या मारी त्राव्हेर्स या गायिकेनें (१८९४–१९४१) ही रीत ध्वनिमुद्रिकांच्या द्वारें घराघरांत पोंचविली. जीभ जें सहज उच्चारील तें बोटांस कधीं अवघड जातें, आणि बोटांस जें सोपें तें जिभेस साधत नाहीं. अशा रीतीनें तोंडावाटे आलेली चाल पुन्हां फिडलवर चढली म्हणजे तिच्यांत नवा पाठभेद उत्पन्न होई.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें आहे. युरोपीय नाचाच्या चालीचा प्रत्येक भाग साधारणपणें सोळा मात्रांचा असतो. आठ-आठ माणसांनीं मिळून करावयाच्या नाचांत हा नियम मोडून चालत नाहीं. कारण चाल एक मात्रा लांबली तर नाचणाऱ्यांच्या रांगा एकमेकींवर आदळतील. परंतु ही चाल एकट्या नर्तकाच्या नृत्याची आहे. तेथें रांग नाहीं, म्हणून मोजणीहि नाहीं. वादकानें एखादा स्वर क्षणभर लांबविला, एखादें वाक्य अर्धेंच घेतलें किंवा शेवटीं दोन मात्रांची भर घातली, तरी कुशल नर्तक तें ऐकतो आणि आपलें पाऊल तसें टाकतो. त्यामुळें या चालीचा एखादा भाग कोठें पंधरा मात्रांचा, तर कोठें सतरा मात्रांचाहि होतो. अशा चालींस क्वेबेकमध्यें 'क्रोश' म्हणजे 'वाकड्या' चाली म्हणतात. या शब्दांत तेथें निंदा कमी व कौतुक अधिक असतें. मात्र बाहेरून येऊन ऐकणाऱ्यानें तोच शब्द दूषण म्हणून वापरला, हें पुढें दिसून येईल.

ही चाल पश्चिमेकडे कशी गेली तें आतां पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस माँट्रिअल हें लोकरी कातड्यांच्या व्यापाराचें मुख्य ठाणें होतें. तेथून भूर्जपत्राच्या सालीनें मढविलेल्या लांब होड्या वल्हवीत फ्रेंच नावाडी सरोवरें व नद्या ओलांडून शेंकडों कोस आंत जात. त्यांस 'व्होयाजूर' म्हणजे प्रवासी असें नांव होतें. जेथें धबधबा आडवा येई तेथें होडी खांद्यावर आणि सुमारें ४१ किलोग्रॅम वजनाचीं गांठोडीं पाठीवर घेऊन ते चालत. या ओझ्यांत फिडलहि असे. उत्तरेकडील समुद्रमार्गानें हडसन्स बे कंपनीचे नोकर येत; ही कंपनी १६७० सालीं स्थापन झाली होती, आणि तिच्या नोकरांपैकीं पुष्कळ जण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचे राहणारे होते. त्यांच्याहि पेटाऱ्यांत फिडल असे. १८२१ सालीं माँट्रिअलची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी तिच्यांत विलीन झाली. फ्रेंच नावाडी व ऑर्कनीचा कारकून, हे दोघेहि रेड नदीच्या कांठीं येऊन भेटले.

तेथें एक नवीन समाज जन्मास आला. या पुरुषांनीं क्री, ओजिब्वे इत्यादि तेथील मूळच्या जातींतील स्त्रियांशीं संसार थाटले, आणि त्यांच्या संततीचा 'मेटी' या नांवाचा एक स्वतंत्र जनसमूह बनला. त्यांची भाषा मोठी विलक्षण आहे. तिला 'मिशिफ' म्हणतात. तिच्यांतील नामें बहुतेक फ्रेंच, आणि क्रियापदें क्री भाषेंतील! बापाकडून वस्तूंचीं नांवें घ्यावींत व आईकडून क्रियेचे शब्द घ्यावेत, असा जणूं त्या मुलांनीं निवाडा केला. वाचकांस येथें आपल्या चालीची आठवण झाली असेल तर तें योग्यच आहे. रेड रिव्हर जिगचे स्वर क्वेबेकच्या चालीशीं नातें सांगतात. परंतु तिचीं वाक्यें आंखूड, विषम लांबीचीं, उंचावर सुरू होऊन पायरीपायरीनें खालीं उतरणारीं अशीं आहेत. या प्रदेशांतील मूळच्या लोकांच्या गायनाचा ओघहि असाच वरून खालीं येणारा असतो. नामें बापाचीं आणि क्रियापदें आईचीं, ही गोष्ट भाषेंत घडली तशीच ती संगीतांतहि घडली.

रेड नदीच्या कांठीं या चालीस एक नवें कार्य लाभलें. वर सांगितलेले तिचे दोन भाग तेथें नर्तकासाठीं संकेत बनले. फिडल उंच तारांवर वाजत असेल तोंवर नर्तक नेहमींचें मूळ पाऊल नाचतो; ती खालच्या तारांवर उतरली कीं त्यानें लगेच एखादें कसबी पाऊल दाखवावयाचें, आणि प्रत्येक खेपेस तें नवें असावयाचें. पुन्हां चाल वर गेली कीं पुन्हां मूळ पाऊल. लग्नाच्या मेजवानींत एकामागून एक नर्तक पुढें येत, एक दमला कीं दुसरा त्याची जागा घेई, आणि ज्याच्यापाशीं पावलांचा सांठा मोठा तो त्या रात्रीचा वीर ठरे. वादकहि कांहीं साधा नसे. वरचा भाग किती वेळ चालवावयाचा व खालीं केव्हां यावयाचें हें त्याच्या मनावर. नर्तकास चकविण्यासाठीं तो मुद्दाम एखादी मात्रा आंखडून घेई. म्हणजे जिला बाहेरचा मनुष्य 'वाकडी' म्हणे, तिचा वांकडेपणा हाच त्या दोघांतील संवाद होता. चाल सरळ केली असती तर हा खेळच संपला असता.

परंतु या समाजावर मोठे कठीण दिवस आले. १८६९–७० सालीं नव्या कॅनडा सरकारनें रेड नदीचा मुलूख आपल्या ताब्यांत घेऊं लागतांच लुई रिएल याच्या नेतृत्वाखालीं मेटी लोकांनीं आपल्या हक्कांसाठीं विरोध केला. १८७० सालीं मॅनिटोबा प्रांत निर्माण झाला खरा. पण पुष्कळ मेटी कुटुंबें जमिनी गमावून पश्चिमेकडे सस्काचवान नदीच्या खोऱ्यांत निघून गेलीं. १८८५ सालच्या मे महिन्यांत बाटोश येथें त्यांचा शेवटचा पराभव झाला, व त्याच वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं रेजायना येथें रिएल यास फांशीं देण्यात आलें. त्यानंतर कित्येक कुटुंबांस सरकारी रस्त्यांच्या कडेच्या पट्ट्यांवर झोंपड्या बांधून दिवस काढावे लागले. आपली भाषा, आपलें नांव चारचौघांत उच्चारणेंहि अनेकांस जड जाऊं लागलें. ज्यांच्यापाशीं जमीन उरली नाहीं, त्यांच्यापाशीं ही चाल उरली. प्रत्येक पांगलेल्या वस्तींत ती वाजत राहिली आणि प्रत्येक वस्तींत ती थोडी निराळी झाली. एखाद्या वादकाची चाल ऐकून तो कोणत्या वस्तींतला व कोणाच्या हाताखालीं शिकला हें जाणता ओळखूं शके. ज्या लोकांचे कागदपत्र दुसऱ्यांनीं लिहिले, त्यांची वंशावळ अशी पाठभेदांत सांठवलेली होती.

ही चाल याहूनहि दूर गेली. हडसन्स बे कंपनीनें १८४७ सालीं युकॉन नदीवर फोर्ट युकॉन हें ठाणें वसविलें. हें स्थान आज अलास्कामध्यें मोडतें व उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित् वर आहे. कंपनीच्या नोकरांकडून तेथील ग्विचिन लोकांनीं फिडल उचलली, आणि रेड रिव्हर जिग त्यांच्या मेळाव्यांत नाचली जाऊं लागली. बर्फांत वाढलेल्या या लोकांनींहि ती जशीच्या तशी ठेवली नाहीं. त्यांनीं ती आपलीशी केली.

विसाव्या शतकांत मात्र निराळ्याच प्रकारचें संकट आलें. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. म्हणून नर्तक दमेपर्यंत चालणारी चाल तीन मिनिटांत बसवावी लागे. पुढें रेडिओ आला. डॉन मेसर या विख्यात वादकाचा ताफा कॅनडाच्या राष्ट्रीय रेडिओवरून वाजूं लागला, व १९५९ पासून १९६९ पर्यंत तो दूरचित्रवाणीवरहि दिसे. त्याचें वादन स्वच्छ, गोड आणि मात्रांस चोख असें होतें. देशभर तें आवडीनें ऐकलें गेलें, यांत नवल नाहीं. साथीला पियानो व गिटार असल्यामुळें सर्वांनीं एकाच मोजणीनें चालणें भागच होतें. परंतु याचा परिणाम असा झाला कीं, सोळा मात्रांची चाल ती 'बरोबर' व बाकीच्या 'चुकीच्या' असें तरुणांस वाटूं लागलें. आजोबांस नीट वाजवितां येत नाहीं, असें नातवास वाटलें. आणि जेथें आजोबांस समाजांतहि मान नव्हता, तेथें नातवास तें सहज पटलें.

या समजुतीस उत्तर मिळालें तें लक्षपूर्वक केलेल्या श्रवणानें. अ‍ॅन लेडरमन या कॅनडांतील व्हायोलिनवादिकेनें १९८० नंतरच्या दशकांत मॅनिटोबांतील एब अँड फ्लो, कँपरव्हिल इत्यादि वस्त्यांतील वृद्ध वादकांचें वादन मुद्रित केलें व तें १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून असें दिसून आलें कीं, या वादकांची वाक्यें विषम असलीं तरी त्यांत अव्यवस्था नाहीं. जो वादक एके ठिकाणीं एक मात्रा सोडतो, तो तीच चाल पुन्हां वाजवितांना तेथेंच ती सोडतो. चूक कधीं अशी नेमानें होत नसते. नेमानें होणाऱ्या गोष्टीस नियमच म्हटलें पाहिजे. ज्या विषमतेस लोक अज्ञान समजत होते, तिच्यांत एक दुसरें व्याकरण दडलेलें होतें.

आज या चालीस पुन्हां बरे दिवस आले आहेत. १९८२ सालच्या राज्यघटनेच्या कायद्यानें मेटी लोकांस कॅनडांतील मूळच्या जनसमूहांपैकीं एक म्हणून मान्यता दिली. बाटोशच्या त्याच भूमीवर दरवर्षीं त्यांचा मेळावा भरतो, आणि तेथें रेड रिव्हर जिगच्या स्पर्धेंत लहान मुलें आपलीं नवीं पावलें दाखवितात. एक धोका मात्र तेथेंहि आहे. स्पर्धा म्हटली कीं परीक्षक आला, परीक्षक आला कीं नमुना आला, आणि नमुना ठरला कीं पुन्हां एकच रूप खरें व इतर खोटीं अशी विभागणी सुरू होते. ज्या समाजानें हें एकदां सोसलें आहे त्यानें तरी सावध असावें, असें कोणासहि वाटेल.

मग या चालीचें खरें रूप कोणतें? क्वेबेकच्या स्वयंपाकघरांतील, कीं रेड नदीच्या कांठचें, कीं ध्रुववृत्तावरील? वर दिलेल्या हकीकतीवरून याचें उत्तर वाचकांनीं ताडलेंच असेल. यांतील प्रत्येक रूपास कांहीं कारण आहे: कोठें तारेची जुळणी, कोठें वादकाचे पाय, कोठें नर्तकाशीं चाललेला खेळ, कोठें आईची भाषा. तें कारण जोंवर जिवंत आहे तोंवर तें रूपहि खरें आहे. विद्यार्थिमित्रांनीं यावरून एवढें घ्यावें कीं, आपल्या ऐकण्यांत एखादी गोष्ट नेहमींपेक्षां निराळी आली, तर ती चूक आहे असें म्हणण्यापूर्वीं ती पुन्हां एकदां ऐकावी. आणि दुसऱ्या खेपेसहि ती तेथेंच, तशीच निराळी निघाली, तर तिचें कारण वाजविणाऱ्यासच नम्रपणें विचारावें.